संशोधनपद्धतीचें अध्ययन : एका छोट्या ग्रंथाच्या निमित्तानें

मार्च महिना उजाडला कीं पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी आपापले प्रबंध घेऊन आमच्याकडे येऊं लागतात. प्रबंधांची बांधणी सुबक असते, कोष्टकें नेटकीं असतात, आणि शेवटच्या प्रकरणांत ‘गृहीतक सिद्ध झालें’ हें वाक्य बहुधा ठरलेलें असतें. ‘प्रायोगिक गट म्हणजे काय?’ असें विचारावें, तर विद्यार्थी व्याख्या धडाधड म्हणून दाखवितो. ‘तुम्हांला जो फरक आढळला त्याचें दुसरें कांहीं कारण असूं शकेल काय?’ असें विचारतांच मात्र तो गोंधळतो, आणि हा प्रश्न नेमलेल्या अभ्यासाबाहेरचा आहे असा भाव त्याच्या मुद्रेवर उमटतो. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमांत संशोधनपद्धति हा विषय सर्वांत रुक्ष समजला जातो. स्वप्नें, स्मृति, बुद्धि, मनोविकृति यांविषयीं ऐकावयास मुलें उत्सुक असतात. पद्धतीचा तास आला कीं जांभया सुरू होतात. हा दोष मुलांचा नव्हे, असें आमचें मत होत चाललें आहे. ज्या विषयाचें सारें मर्म एका प्रश्नांत सांठविलेलें आहे, तो विषय आपण नेमका तो प्रश्न वगळून शिकवितों, हेंच या रुक्षतेचें खरें कारण होय.

हें मत पारखून घेण्यासाठीं एका जुन्या ग्रंथाचें परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे. डोनल्ड कॅम्पबेल व जूलियन स्टॅन्ले या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं लिहिलेला ‘एक्स्पेरिमेंटल अँड क्वासी-एक्स्पेरिमेंटल डिझाइन्स फॉर रीसर्च’ हा तो ग्रंथ. त्याच्या नांवाचें मराठी रूप ‘संशोधनासाठीं प्रायोगिक व प्रयोगसदृश रचना’ असें करतां येईल. अध्यापनविषयक संशोधनाच्या एका मोठ्या संदर्भग्रंथांतील प्रकरण म्हणून तो १९६३ सालीं प्रथम छापला गेला, आणि १९६६ सालीं स्वतंत्र पुस्तकरूपानें निघाला. पानें शंभरही नाहींत. इतक्या वर्षांपूर्वींच्या ग्रंथाचें परीक्षण आज कशाला, असें वाचक विचारतील. त्यास उत्तर असें कीं, या विषयावर पुढें जे जाडजूड ग्रंथ निघाले त्यांचा पाया बव्हंशीं या पुस्तकानें घातला. आणि ज्या चुका टाळण्यासाठीं तें लिहिलें गेलें त्या चुका आपल्या महाविद्यालयांत, कार्यालयांत, इतकेंच नव्हे तर घरांतही, आजपर्यंत बिनबोभाट चालू आहेत.

ग्रंथाची मांडणी साधी आहे. जो नवा उपाय योजावयाचा त्यास एक अक्षर, जें मोजावयाचें त्यास दुसरें, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडले असतील तर त्यास तिसरें, अशा तीन अक्षरांच्या साहाय्यानें ग्रंथकारांनीं सोळा रचना मांडल्या आहेत. पहिल्या तीन नांवालाच प्रयोग म्हणाव्या अशा, पुढील तीन खऱ्या प्रयोगाच्या, आणि उरलेल्या दहा प्रयोगसदृश. या रचनांना एकंदर बारा शंका विचारल्या आहेत. त्यांतील आठांचा रोख ‘येथें जो फरक दिसला तो आपल्या उपायानेंच पडला काय?’ असा आहे. चारांचा रोख ‘पडला असल्यास तो अन्य स्थळीं, अन्य माणसांतही पडेल काय?’ असा आहे. पहिल्या कसोटीस अंतर्गत वैधता व दुसरीस बाह्य वैधता असें म्हणतात. व्याख्या एवढीच. परंतु व्याख्या पाठ होणें आणि शंका मनांत रुजणें यांत केवढें अंतर आहे, तें आम्ही स्वतःच्या उदाहरणावरून सांगूं शकतों. त्यांत आमच्या शहाणपणाची शोभा होणार नाहीं. पण विषयाचा उलगडा होईल.

हा ग्रंथ आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचला होता, त्यावर परीक्षेंत उत्तरही लिहिलें होतें, आणि त्या उत्तरास गुणही चांगले मिळाले होते. पुढें सुमारें वीस वर्षांपूर्वीं, आम्ही एका महाविद्यालयांत शिकवीत असतांना, पहिल्या वर्षाच्या सहामाही परीक्षेंत अगदीं तळाशीं राहिलेले वीस विद्यार्थी निवडून त्यांच्यासाठीं आम्हीं सकाळचा जादा वर्ग काढला. दोन महिने आम्हीं मनापासून कष्ट केले. वार्षिक परीक्षेंत त्यांतील बहुतेकांचे गुण वाढले. आम्हांस धन्यता वाटली. आम्हीं एक अहवाल लिहिला, तो अध्यापकांच्या सभेंत वाचला, आणि त्याचें कौतुकही झालें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तीच हकीकत सांगत असतांना मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीनें विचारलें, ‘सर, ज्यांना तुम्हीं बोलावलें नव्हतें त्यांचे गुण किती वाढले?’ आम्हीं कांहींतरी उडवाउडवीचें उत्तर दिलें. परंतु प्रश्न मनांत राहिला, आणि आठवड्याभरानें आम्हीं कचेरींतून गुणांची वही मागविली.

वहींत जें दिसलें तें ग्रंथांत तंतोतंत लिहिलेलें होतें. ज्यांना आम्हीं बोलावलें नव्हतें, पण ज्यांचे गुण जवळजवळ तितकेच कमी होते, त्यांचेही गुण वाढले होते. आणि सहामाहींत जे अग्रभागीं होते त्यांच्यापैकीं बरेच जण कांहींसे खालीं आले होते! आमच्या वर्गानें त्यांचें कांहीं बिघडविलें असेल असें तर म्हणतां येत नव्हतें. मग एकेक शंका आम्ही नव्यानें वाचूं लागलों. मधल्या काळांत दुसऱ्या कांहीं घटना घडल्या काय? घडल्या होत्या, वार्षिक परीक्षा जवळ आल्यामुळें सारींच मुलें अभ्यासास लागलीं होतीं. मुलें आपोआप प्रौढ झालीं काय? खेड्यांतून आलेलीं, मराठी माध्यमांत शिकलेलीं कित्येक मुलें सहा महिन्यांत इंग्रजी व्याख्यानांस सरावलीं होतीं. पहिल्या परीक्षेचाच कांहीं परिणाम झाला काय? महाविद्यालयांतील प्रश्नपत्रिका कशी असते हें त्यांना सहामाहींतच कळलें होतें. मोजमाप बदललें काय? दोन्ही वेळां उत्तरपत्रिका आम्हींच तपासल्या होत्या, आणि दुसऱ्या वेळीं तीं नांवें आमच्या जिव्हाळ्याचीं झालीं होतीं. कोणी मध्येंच गळले काय? तिघे जण वर्ग सोडून गेले होते, आणि अहवालांत आम्हीं त्यांस धरलेंच नव्हतें. निवड कशी झाली होती? तळाचीच! येथें सर्वांत मोठी गोम होती.

ही शेवटची शंका जरा विस्तारानें सांगण्यासारखी आहे, कारण ती सुशिक्षितांसही सहसा सुचत नाहीं. कोणत्याही परीक्षेंतील गुणांत योग्यतेचा भाग असतो तसा योगायोगाचाही असतो. त्या दिवशीं ताप आला, नेमका न वाचलेला प्रश्न आला, पेन अडलें. जे अगदीं तळाशीं जातात त्यांच्या पदरीं त्या दिवशीं दुर्दैवाचा वांटा बहुधा अधिक पडलेला असतो. जे अग्रभागीं असतात त्यांच्या पदरीं सुदैवाचा. पुढच्या खेपेस हा वांटा पुन्हा नव्यानें पडतो, म्हणून तळचे सरासरीकडे वर येतात आणि वरचे सरासरीकडे खालीं उतरतात. आईबापांच्या व मुलांच्या उंचीचे आकडे पाहतांना फ्रान्सिस गाल्टन यांस ही गोष्ट एकोणिसाव्या शतकांतच दिसली होती. तेव्हां तळाची वीस मुलें निवडून त्यांना नुसती गोष्ट सांगत बसलों असतों, तरी त्यांचे गुण कांहींसे वाढलेच असते.

याच नियमाची एक हकीकत डॅनियल काहनेमन यांनीं सांगितली आहे, ती प्रत्येक शिक्षकानें व आईबापांनीं ऐकावी. इस्रायलच्या हवाई दलांतील शिक्षकांपुढें त्यांचें व्याख्यान चाललें होतें, आणि शाबासकीनें शिक्षण चांगलें होतें असें ते सांगत होते. तेव्हां एक अनुभवी शिक्षक उठून म्हणाला कीं, आमचा अनुभव उलटा आहे. चांगल्या उड्डाणाची तारीफ केली तर पुढचें उड्डाण बिघडतें, आणि वाईट उड्डाणाबद्दल खरडपट्टी काढली तर पुढचें सुधारतें. निरीक्षण अगदीं खरें होतें. निष्कर्ष चुकीचा होता. असाधारण चांगल्यानंतर सामान्य येणें आणि असाधारण वाईटानंतरही सामान्य येणें, हें तारीफ किंवा खरडपट्टी यांवांचूनही घडलेंच असतें. आपल्या घरांतून व शाळांतून ‘रागावल्याशिवाय मूल सुधारत नाहीं’ हा जो अनुभवसिद्ध म्हणून सिद्धान्त सांगितला जातो, त्याचा आधार कित्येकदां हाच दृष्टिभ्रम असतो. प्रयोगरचनेचा एक धडा न समजल्यामुळें किती मुलांनीं विनाकारण बोलणीं खाल्लीं असतील, याचा हिशेब कोणी करावा?

कॅम्पबेल यांचा विशेष असा कीं त्यांनीं ही कसोटी राज्यकारभारासही लावली. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांत १९५५ सालीं रस्त्यांवरील अपघातांत ३२४ माणसें दगावलीं. वर्षअखेरीस तेथील गव्हर्नरांनीं भरधांव वाहनें हांकणाऱ्यांविरुद्ध कडक मोहीम सुरू केली, आणि १९५६ सालीं मृतांची संख्या २८४ वर आली. चाळीस जीव वांचले असें कोणीही म्हणेल. १९६८ सालीं कॅम्पबेल व रॉस यांनीं मागील अनेक वर्षांचे आणि शेजारच्या राज्यांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. आकडा दरवर्षीं खालींवर होतच होता, आणि १९५५ सालीं तो असाधारण चढला होता. किंबहुना तो चढला म्हणूनच मोहीम निघाली. अशा शिखरानंतर उतार बहुधा येणारच. मोहीम सर्वस्वी निष्फळ होती असें त्यांनीं म्हटलें नाहीं; चाळिसाचें सारें श्रेय तिला देतां येत नाहीं, एवढेंच दाखविलें. हा संयम आम्हांस फार मोलाचा वाटतो. शंका घेणारा मनुष्य नास्तिक नसतो. विश्वास किती ठेवावा याचें तो माप घेत असतो.

यावर उपाय कोणता? ग्रंथकारांचा कल स्पष्ट आहे. शक्य तेथें चिठ्ठ्या टाकून गट पाडावे. रोनाल्ड फिशर यांनीं १९३५ सालच्या आपल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथांत जें तत्त्व मांडलें तेंच हें. कोणता विद्यार्थी कोणत्या गटांत जावा हें शिक्षकानें ठरविलें तर त्याच्या आवडीनिवडी आड येतात. विद्यार्थ्यानें ठरविलें तर हौशी एकीकडे व आळशी दुसरीकडे जातात. चिठ्ठीला आवडनिवड नाहीं. ताप, भाषा, घरची स्थिति, आणि आपल्या लक्षांतही न आलेल्या शेंकडों गोष्टी ती दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणांत वांटण्याकडे झुकते, आणि जो फरक केवळ दैवानें उरेल त्याचा अंदाज गणितानें करतां येतो. मात्र जेथें चिठ्ठ्या टाकणें शक्य नाहीं तेथें हातपाय गाळून बसूं नये, हें सांगणें हें या ग्रंथाचें खरें वैशिष्ट्य. आधींच्या व नंतरच्या काळांतील अनेक मापें घ्या, शेजारचा सदृश गट पाहा, आणि कोणती शंका फिटली व कोणती उरली हें प्रामाणिकपणें लिहा, असा त्यांचा उपदेश आहे. दहा प्रयोगसदृश रचनांची सारी धडपड यासाठींच आहे.

आतां ग्रंथाच्या उणीवा. पहिली उणीव रचनेंतूनच आलेली आहे. प्रत्येक रचनेपुढें अधिक व उणे अशीं चिन्हें मांडलेलीं कोष्टकें ग्रंथांत आहेत. तीं देतांना आपलें मन कचरतें, कारण वाचक विवेचन सोडून त्यांवरच विसंबेल, असें ग्रंथकारांनीं स्वतःच म्हटलें आहे. भीति खरी ठरली. आमच्या पाहण्यांत आलेल्या कित्येक टिपणांतून विवेचन नाहींसें झालें आहे आणि कोष्टक तेवढें उरलें आहे. मुलें तें पाढ्यांसारखें म्हणतात.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. जें मोजावयाचें त्यास एक अक्षर दिलें कीं मोजमापाचा प्रश्न सुटला असा आभास होतो. वस्तुतः मानसशास्त्रांत निम्मी अडचण तेथेंच असते. बर्लिनमधील ‘हुशार हान्स’ नांवाच्या घोड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांचीं उत्तरें देत असे, आणि १९०४ सालीं त्याची पाहणी करणाऱ्या समितीस त्यांत कांहीं लबाडी आढळली नाहीं. १९०७ सालीं ओस्कार फुंग्स्ट यांनीं दाखवून दिलें कीं, उत्तराची संख्या जवळ येतांच प्रश्न विचारणाऱ्याच्या मस्तकाची जी सूक्ष्म, नकळत हालचाल होई ती पाहून घोडा थांबत असे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलें कीं हान्स हमखास चुके. मोजलें जात होतें तें घोड्याचें गणित नव्हे, त्याचें निरीक्षण. आपल्याकडे हा प्रश्न भाषेमुळें आणखी बिकट होतो. इंग्रजींत एका रंगाचें नांव घेऊन खिन्नता सुचवितात. त्या वाक्याचें शब्दशः मराठी करून एका प्रबंधांत मुलांना विचारलेलें आम्हीं पाहिलें आहे. मुलांनीं उत्तरें दिलीं, आकडे निघाले, निष्कर्षही निघाला! याउलट धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनीं बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठीं नव्यानें बसविल्या आणि ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध केला. कसोटीचें भाषांतर पुरत नाहीं, ती त्या मुलांवर पुन्हा पारखून घ्यावी लागते, हें त्या कामावरून शिकावें.

तिसरी उणीव बाह्य वैधतेविषयींची. तिला ग्रंथांत जागा आहे, पण मान धाकट्या बहिणीचा आहे. मानसशास्त्राचे बहुसंख्य निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित व सधन समाजांतील माणसांवरून, पुष्कळदां तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरून काढलेले असतात, आणि तीं माणसें मानवजातीचा नमुना म्हणून धरण्यास योग्य नाहींत, हें हेन्रिक, हाइने व नोरेन्झायन यांनीं २०१० सालीं सप्रमाण दाखविलें. आमच्या वाचकांना याचें महत्त्व सांगावयास नको.

चौथ्या उणीवेबद्दल ग्रंथकारांस दोष देणें अन्यायाचें होईल, कारण तिची जाणीव पुढें झाली. प्रयोगाची रचना निर्दोष असूनही, आकडे हातीं आल्यावर संशोधक त्यांतील कोणते सांगावयाचे व कोणते गाळावयाचे हें ठरवितो, आणि तेथें मोठा घोटाळा होऊं शकतो. सिमन्स, नेल्सन व सायमनसोन यांनीं २०११ सालीं ही गोष्ट थट्टेच्या रूपानें सिद्ध केली. खऱ्या विद्यार्थ्यांचे खरे आकडे घेऊन, फक्त सोयीचें तेवढें सांगून, त्यांनीं असें दाखविलें कीं बीटल्सचें एक गाणें ऐकल्यानें माणसाचें वय जवळजवळ दीड वर्षानें कमी होतें! थट्टेंतील दंश पुढें सर्वांस जाणवला. २०१५ सालीं अनेक संशोधकांनीं मिळून मानसशास्त्रांतील १०० प्रसिद्ध संशोधनें पुन्हा करून पाहिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मूळ संशोधनांपैकीं शेंकडा ९७ मध्यें संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होता. पुनःप्रयोगांत तो शेंकडा ३६ मध्येंच आढळला. म्हणून आतां गृहीतक काय, माणसें किती, मोजावयाचें काय आणि हिशेब कसा करावयाचा, हें आकडे गोळा करण्यापूर्वींच लिहून नोंदवून ठेवण्याची प्रथा वाढत आहे. कॅम्पबेल यांची परंपरा स्वतः थांबलेली नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. १९७९ सालीं कुक यांच्यासह व २००२ सालीं शॅडिश व कुक यांच्यासह त्यांच्या नांवावर जे ग्रंथ निघाले त्यांत शंकांची यादी बरीच वाढलेली व सुधारलेली आहे.

मग विद्यार्थ्यानें कोठून आरंभ करावा? आमच्या मतें या छोट्या ग्रंथापासूनच. मात्र कोष्टकें झांकून. आधीं एखादें वर्तमानपत्रांतील विधान घ्यावें : अमुक औषधानें स्मरणशक्ति वाढते, तमुक शाळेंत गेल्यानें मुलें हुशार होतात. त्या विधानाचीं दुसरीं जितकीं कारणें सुचतील तितकीं कागदावर मांडावीं, आणि मग ग्रंथांतील यादीशीं ताडून पाहावीं. जें सुचलें नाहीं तें आयुष्यभर विसरणार नाहीं. त्यानंतर स्वतः एक लहानसा प्रयोग करावा, पण आपला अंदाज चुकला असें कशावरून समजावें हें आधीं लिहून ठेवावें. संख्याशास्त्र व यंत्रावरील आकडेमोड यांचा क्रम यानंतरचा. आज तो पहिला लागतो. म्हणजे प्रश्न ठरण्यापूर्वींच उत्तर तयार असतें.

असो. आमच्या जादा वर्गाचें पुढें काय झालें, हें सांगून हें परीक्षण पुरें करूं. पुढच्या वर्षीं जागा वीस व येऊं इच्छिणारी मुलें चाळीस झालीं, तेव्हां आम्हीं सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकल्या. जागा अपुऱ्या असतील तेव्हां याहून न्याय्य वांटणी दुसरी नाहीं, हें मुलांनाही पटलें. ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहींत त्यांचा वर्ग वार्षिक परीक्षा आटोपल्यावर घेण्याचें वचन दिलें व तें पाळलें. उत्तरपत्रिका एका सहकाऱ्यानें, नांवें झांकून, तपासल्या. दोन्ही गटांचे गुण वाढले; आमच्या गटाचे थोडे अधिक वाढले. पण तो फरक इतका लहान होता कीं चाळीस मुलांच्या बळावर त्याविषयीं ठाम बोलण्याचें धाडस आम्हांस झालें नाहीं, आणि तसें आम्हीं अहवालांत लिहिलें. या अहवालाचें कोणीं कौतुक केलें नाहीं. वर्ग मात्र आम्हीं पुढेंही चालू ठेवला, कारण थोडा कां होईना, लाभ असण्याचा संभव होता. पहिला अहवाल अजून आमच्या कपाटांत आहे. दरवर्षीं पद्धतीच्या पहिल्या तासाला आम्ही तो मुलांना वाचून दाखवितों, आणि त्या विद्यार्थिनीचा प्रश्न कोणी विचारतो काय याची वाट पाहतों.